पोस्टग्रेसमध्ये मीटरचा रोजचा वापर: दिवस साडेपाचला सुरू होतो, बेरीजही जुळत नाही

प्रश्न (मीटर_रीडिंग)
वीजमीटरचं चढतं रीडिंग दर 15 मिनिटांनी पोस्टग्रेस 15 या डेटाबेसमध्ये जमा होतं. कॉलम तीन: मीटर क्रमांक, वेळ (टाइमस्टॅम्पटीझेड, म्हणजे टाइमझोन धरणारा वेळेचा प्रकार), युनिट. डेट_ट्रंकने (वेळ दिवसाच्या सुरुवातीपर्यंत छाटणारं फंक्शन) दिवस पाडून प्रत्येक दिवसाचं मॅक्स वजा मिन घेतलं. पण दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतोय, आणि रोजच्या आकड्यांची बेरीज महिन्याच्या एकूण फरकापेक्षा कमी भरते. डेटा न आलेले दिवस तर रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

उत्तर 1 (विंडो_फंक्शन)
तुमच्या सेशनचा (डेटाबेसशी चालू जोडणीचा) टाइमझोन यूटीसी आहे, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, म्हणून साडेपाच. डेट_ट्रंकला तिसरा आर्ग्युमेंट 'एशिया/कोलकाता' द्या. आवृत्ती 12 पासून चालतो. तिथे '+05:30' अशी स्ट्रिंग मात्र अजिबात देऊ नका. पोस्टग्रेस ती पॉझिक्स (युनिक्सच्या जुन्या मानकाच्या) पद्धतीने वाचतं, त्यात चिन्ह उलटं असतं, आणि वेळ पुढे जायच्या ऐवजी साडेपाच तास मागे जाते. एररही येत नाही.

बेरजेचं कारण वेगळं आहे. 23:45 चं रीडिंग आजचं, 00:00 चं उद्याचं. मधल्या 15 मिनिटांचा वापर मॅक्स-मिनमध्ये कुठल्याच दिवसात येत नाही. 30 दिवसांत साडेसात तासांचा वापर गळतो! त्याऐवजी लीड (पुढच्या ओळीची किंमत देणारं फंक्शन) वापरा: पार्टिशन (गट) मीटर क्रमांकावर, क्रम वेळेवर, पुढचं रीडिंग वजा आताचं. मग त्या फरकाची दिवसवार बेरीज करा. लॅगने (मागच्या ओळीची किंमत) हिशेब केलात तर मध्यरात्रीआधीचा तुकडा दुसऱ्या दिवसाच्या खात्यात पडतो, म्हणून इथे लीडच बरा.

उत्तर 2 (इंडेक्स_आधी)
वरच्या उत्तरात एक भर. व्हेअरची (ओळी गाळणारी) अट लीडसारख्या विंडो फंक्शनच्या आधी लागते. महिना तंतोतंत कापलात तर शेवटच्या ओळीचा लीड नल (रिकामा) येतो. आतल्या क्वेरीत पुढच्या महिन्याचं पहिलं रीडिंगही घ्या आणि महिन्याची काटछाट बाहेरच्या क्वेरीत करा.

अट डेट_ट्रंकवर लावू नका, वेळेच्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वाया जातो. 'सुरुवातीपासून किंवा नंतर, शेवटाच्या आधी' अशीच लिहा. बिट्वीन दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे 00:00 ची ओळ दोन्ही महिन्यांत मोजली जाते.

मीटर_रीडिंग
लीडने बेरीज जुळली. गायब दिवसांचं काय? कोअलेसने (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) शून्य भरू का?

उत्तर 3 (विंडो_फंक्शन)
शून्य नको. शून्य म्हणजे वीज वापरलीच नाही. इथे आपल्याला आकडा माहीत नाही. जनरेट_सीरीजने तारखा तयार करा, मीटरांच्या यादीशी क्रॉस जॉइन (प्रत्येक तारखेला प्रत्येक मीटर), मग निकालाला लेफ्ट जॉइन (निकालात नसलेल्या तारखाही टिकतात). रिकामा दिवस नल राहू द्या.

आणि खंडाआधीच्या शेवटच्या ओळीचा फरक तपासा: मीटर दोन दिवस गप्प असेल तर त्या काळाचा सगळा वापर खंडाआधीच्या शेवटच्या रीडिंगच्या दिवसावर चढतो. दोन रीडिंगमधलं अंतर 15 मिनिटांपेक्षा बरंच जास्त असलेल्या ओळींवर खूण करणारा एक कॉलम ठेवा. फरक ऋण आला, तर मीटर बदललाय किंवा रीसेट झालाय. त्या ओळी बेरजेत घेण्याआधी हाताने बघा.