डेडलॉक आला की प्रोग्रामरच ढ?

रोलबॅकराव: 'क्रमवार' यांनी काल लिहिलं, "लॉक कायम आयडीच्या चढत्या क्रमाने घ्या, डेडलॉक होतच नाही. ज्याला होतो तो प्रोग्रामर ढ." डेडलॉक म्हणजे दोघांनी एकमेकांनी धरलेल्या लॉकची वाट बघत अडकून बसणं. डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मायएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. एक सेशन (डेटाबेसशी एक जोडणी) 'स्टेटस प्रलंबित असेल तर' अशी अट लावून अपडेट मारतं. ते आधी स्टेटसच्या इंडेक्सवर (रो पटकन शोधायच्या सूचीवर) लॉक घेतं, मग प्रायमरी कीवर, म्हणजे रोच्या आयडीवर. त्याच क्षणी दुसरं सेशन आयडीवरून तीच रो धरून स्टेटस बदलतं. त्याचं उलटं, आधी प्रायमरी की, मग इंडेक्स. दोघांचं एकेकच स्टेटमेंट, रो एकच. सांगा, इथे चढता क्रम कुठे लावू? इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं इंजिन, एकाचा बळी देतं, १२१३ ही डेडलॉकची एरर येते. ट्रान्झॅक्शन (सगळी मिळून पूर्ण किंवा रद्द व्हायची स्टेटमेंट्स) पुन्हा चालवायचं, विषय संपला.

क्रमवार: 'पुन्हा चालवायचं' म्हणणाऱ्यांच्या कोडमध्ये एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आतूनच जातो. गिऱ्हाइकाला तीनदा "पैसे जमा". निस्तरलंय मी हे.

जुनी डीबीए: तुमचं चालू द्या. ओरॅकल डेटाबेसवर चाइल्ड टेबलच्या फॉरेन कीला (पॅरेंट टेबलच्या रोकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमला) इंडेक्स नसेल, तर पॅरेंटची रो डिलीट करताना अख्खं चाइल्ड टेबल लॉक होतं. हे सांगून घसा बसला. "इंडेक्सने इन्सर्ट स्लो होतात" म्हणे. आणि रात्री दोनला फोन कुणाला? मला, डेटाबेस सांभाळते ना.

हत्तीवाला: म्हणून म्हणतो, पोस्टग्रेस डेटाबेसवर या. एक सेकंद वाट बघतो, मग एकमेकांची वाट बघणाऱ्यांचं चक्र शोधतो, सापडलं तर ४०पी०१ ही डेडलॉकची एरर देऊन मोकळा.

रोलबॅकराव: आलं पोस्टग्रेस. कुठलाही धागा असो, हे हजर.

हत्तीवाला: मग ऐकाच. आधीच्या कंपनीत एका दीडशहाण्याने वेग वाढावा म्हणून मायएसक्यूएलचं डेडलॉक डिटेक्शन बंद केलं. मग डेडलॉक झाला की ५० सेकंद नुसतं लटकायचं आणि शेवटी १२०५, लॉकची वाट बघून वेळ संपल्याची एरर. त्यात डिफॉल्टला फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे जातं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं! कोडने एरर गिळली, कमिट केलं, म्हणजे झालं तेवढंच कायम केलं. बिल निघालं, स्टॉक तेवढाच.

रोलबॅकराव: एरर तुमच्या कोडने गिळली, शिव्या डेटाबेसला?

हत्तीवाला: अर्धवट ट्रान्झॅक्शन कमिट होऊ देतो तो डेटाबेस की रद्दीचं दुकान?

जुनी डीबीए: त्यासाठी 'रोलबॅक ऑन टाइमआउट' नावाचं सेटिंग आहे, वेळ संपली की अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेणारं. मॅन्युअल वाचायला कुणी मनाई केली होती?

हत्तीवाला: डिफॉल्टला बंद का ठेवलंय, ते सांगा आधी.

क्रमवार: बाजार उठला असेल तर मूळ मुद्द्यावर येतो. रोलबॅकराव, इंडेक्सवाला मुद्दा बरोबर आहे. घ्या, पेढे वाटा. पण उपाय काय? आधी साध्या सिलेक्टने आयडी काढायचे, सॉर्ट करायचे, मग आयडीवरून अपडेट. म्हणजे शेवटी क्रमच ना?

रोलबॅकराव: आणि मधल्या वेळात कुणी स्टेटस बदललं तर?

क्रमवार: अपडेटमध्ये स्टेटसची अट पुन्हा लावायची. एवढंही मीच सांगायचं?

रोलबॅकराव: लावा की. मग ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) स्टेटसचाच इंडेक्स उचलतो का, ते एक्स्प्लेन कमांड चालवून बघा. उचलला तर पुन्हा तोच उलटा क्रम. तोवर 'ढ' शब्द मागे घ्यायचा विचार करा.

क्रमवार: सगळ्यांसाठी मागे घेतला. तुमच्यासाठी नाही.