सुक्या कचऱ्याचं शेड जळालं, नवीन बांधताना काय काय बघायचं?

नदीकाठचा:
मंडळी, आमच्या गावातलं सुका कचरा निवडायचं शेड मे महिन्यात जळालं, कचरा दाबून गाठी बांधायचं मशीन, सरकता पट्टा, वजनकाटा सगळं गेलं. नवीन शेडचा प्रस्ताव आलाय, मी प्रभाग समितीत आहे म्हणून वाचायला घेतला तर नुसती बांधकामाची आणि मशीनची यादी. पर्यावरणावर दोन ओळी, त्यातली एक 'वृक्षारोपण करण्यात येईल'. तिथे निवडायला बसणाऱ्या २२ बायकांबद्दल एक अक्षर नाही. काय मुद्दे मांडू?

पत्रेवाला:
आधी मलब्याचं बघा. जुने सिमेंटचे पत्रे होते का? बहुतेक त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ते कोरडे फोडायचे नाहीत, झाडायचे तर अजिबात नाहीत. पाणी मारून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून, घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच पाठवायचे. कंत्राटदार जेसीबी लावून सगळं एका ढिगात लोटणार हे आत्ताच लिहून ठेवा. आग विझवलेलं काळं पाणी कुठल्या नाल्यात गेलं तेही बघा, शेजारी विहीर असेल तर पाणी तपासून घ्या. आणि २०१६ च्या नियमांत दिवसाला ५ टनाच्या वर कचरा येत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावा लागायचा, आत्ताचा नियम काय ते मंडळाकडे विचारून घ्या, शेड जुनं होतं हे कारण सांगू नका.

सुमनताई:
अहो पत्रे, मशीन ठीक आहे पण शेड होईपर्यंत आठ-दहा महिने त्या बायका खाणार काय? त्यांची कमाई पुठ्ठा, दूधपिशव्या, बाटल्या विकून होते, निवडायला जागा नाही तर पैसा नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, तिथं घरोघरी कचरा गोळा करायचं कामच वेचकांकडे आहे. तुम्ही निदान तात्पुरती ताडपत्रीची जागा, पाणी, संडास आणि ओळखपत्र एवढं तरी प्रस्तावात घाला. आणि ड्रॉइंग मंजूर व्हायच्या आधी त्यांना दाखवा, आमच्याकडे टेबल एवढं उंच बनवलं की बायका शेवटी खालीच बसून निवडायच्या.

डेपोशेजारी:
मी अशाच एका शेडपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आमच्याकडे सुक्याच्या नावाखाली ओलं यायचं, मग माश्या, कुत्री, वास. तक्रार केली की औषध फवारून जायचे, विषय संपला. शेजाऱ्यांना बांधायच्या आधी बोलवा, उद्घाटनाला नको.

पत्रेवाला:
एक राहिलंच, आग कशाने लागली ते कळलं का? मोबाइलची फुगलेली बॅटरी कचऱ्यात आली आणि मशीनमध्ये दाबली गेली की पेट घेते. दारातच पत्र्याच्या डब्यात वाळू घालून बॅटऱ्या वेगळ्या काढायच्या. गाठींची थप्पी भिंतीपासून लांब, मध्ये बंब जाईल एवढी वाट. आमच्याकडे बंब आला खरा, पण गेटसमोरच गाठी रचलेल्या.

नदीकाठचा:
खूप आभार. काल त्यातल्या दोघींशी बोललो, त्यांना माहितीच नव्हतं की प्रस्ताव तयार झालाय. एकीने विचारलं, "जुनं लोहचुंबक सापडलं का हो?" डबे निवडायचं, दोरीला बांधलेलं, स्वतःच्या पैशाने घेतलेलं. मंगळवारी मीटिंग आहे, दोघींना सोबत घेऊन जातोय.