पर्यावरणाचे प्रश्न गणिताच्या तासाला कसे सोडवून घ्यावेत?

प्रश्न

मी आठवीला गणित शिकवते. पुस्तकांतील पर्यावरणाच्या शाब्दिक उदाहरणांत बहुधा वस्तूंची नावे तेवढी बदललेली असतात. वह्यांच्या जागी झाडे आली, तरी गुणाकार तोच राहतो. पाण्याचा एखादा खरा प्रश्न मुलांनी स्वतः मांडावा, मोजमापे घ्यावीत आणि उपायही ठरवावा, असे मला मनापासून वाटते. आठवीच्या गणितात हे बसेल का?

उत्तर १

नक्की बसेल. सुरुवात शाळेच्या छतावर पडणाऱ्या पावसापासून करावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, हे मुले घनफळाच्या सूत्रावरून स्वतः सिद्ध करू शकतात. समजा, छत २०० चौरस मीटरचे आहे आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर उत्तर १,६०,००० लिटर येते. बहुतेक पाठ येथेच थांबतात, आणि मला ते फार खटकते. काही पाणी छतातच मुरते, काही उडून जाते, पहिल्या सरीचे धुळकट पाणी तर सोडूनच द्यावे लागते. म्हणून अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ०.८ धरला, तर १,२८,००० लिटर उरतात आणि ०.७ धरला, तर १,१२,०००. कोणता गुणांक धरायचा, यावर मुलांना वाद घालू द्यावा, पण प्रत्येकाने आपले कारण लिहिलेच पाहिजे.

त्यानंतर टाकी केवढी बांधावी, हे विचारावे. वर्षाच्या बेरजेवरून ते कळत नाही, कारण पाऊस काही महिन्यांतच पडतो आणि वापर मात्र रोजचा असतो. दरमहा आलेले पाणी, वापरलेले पाणी आणि शिल्लक असा तक्ता केला, की टाकी कधी भरून वाहते व कधी कोरडी पडते, ते दिसते. वापर कमी करणे हाही एक उपाय आहे, हे मुलांना याच तक्त्यातून उमगते.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. गुणोत्तर शिकवताना प्राण्यांची संख्या मोजण्याची ‘पकडा, खूण करा, पुन्हा पकडा’ ही पद्धतही घ्यावी. प्राण्यांच्या जागी मणी घेऊन, पिशवीतील ५० मण्यांवर खूण करून ते परत मिसळावेत आणि नंतर ४० मणी काढावेत. त्यांत खुणेचे ८, म्हणजे एक पंचमांश निघाले, तर खुणेचे ५० मणीही एकूण मण्यांच्या एक पंचमांश धरून एकूण मणी अंदाजे २५० ठरतात. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येईल, आणि अंदाजाला मर्यादा असतात हे शिकवण्याची संधी तीच आहे. मात्र दोन मोजण्यांच्या मधल्या काळात प्राणी बाहेर गेले किंवा नवे आले, तर हे गुणोत्तर लागू पडत नाही, हे सांगायला विसरू नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. पण उत्तरे निरनिराळी येणार असतील, तर गुण कशाच्या आधारे द्यावेत?

उत्तर १

अंतिम आकड्याला कमी गुण ठेवावेत. एकके, गृहीतकांची कारणे आणि ‘गृहीतक बदलले तर निर्णय बदलेल का’ या प्रश्नाचे उत्तर, यांना अधिक गुण द्यावेत. आकडेमोड चुकली असेल, तर मात्र ते गुण कापावेतच. चुकीच्या आकड्यावर बांधलेली टाकी कोणाच्याच उपयोगाची नसते.