‘तुले काय बाप्पा, बसल्या जागी भेटते’: दिव्यांग अनुदान आणि गावाचं बोलणं (अनुभव धागा)

दिवाळीनंतरची गोष्ट. माझा मोठा भाऊ पानठेल्यावर बसला होता, कुबडी बाकाला टेकवून. खिशात फोन वाजला, बँकेचा मेसेज. त्याने तो वाचला नाही तोच बाजूने आवाज आला, "आले वाट्टे! तुमचं बरं हाये भाऊ. आमच्या कापसाले भाव नाही अन् तुमचे एकदम हजार वाढले." बोलणारा परका नव्हता. आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, त्याचा धुरा लागून आहे. लहानपणी याच माणसाने भावाला खांद्यावर बसवून नदीपल्याडच्या जत्रेला नेलं होतं. भाऊ काही बोलला नाही. घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "उद्या पटवाऱ्याकडे जाय अन् ते बंद करून दे."

भाऊ दोन वर्षांचा असताना पोलिओने डावा पाय गेला. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 ची. भावाला मिळू लागलं तेव्हा महिन्याला 600 रुपये होते. 2019 मध्ये 1000 झाले, 2023 मध्ये 1500, आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2500. बोलणं मात्र 600 असतानाही हेच होतं. शेजाऱ्याचा राग कुठून येतो हेही मला कळतं. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये, पण सरकारने बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क उठवलं आणि व्यापारी त्याच्या बरंच खाली मागू लागले. त्या माणसाच्या घरात कापूस पडून आहे. पण म्हणून त्याने माझ्या भावाचा मेसेज मोजायचा?

तुमच्याकडे काय ऐकायला मिळतं ते लिहा. स्वतःचं, घरातल्याचं. गावाचं नाव नको, जिल्हा पुरे. ज्यांना अशा लोकांचा राग येतो किंवा कधी आला होता, त्यांनीही मोकळेपणाने लिहावं. इथे कुणी अंगावर येणार नाही.

यवतमाळ जिल्हा

उजवा हात कोपराखाली हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात गेला. सोयाबीन काढताना. तेव्हा मी बावीस वर्षांचा. दिव्यांगाच्या कार्डावर 60 टक्के आहे, पिवळ्या पट्टीचं.

एका हाताने काय काय जमतं ते मी हळूहळू शिकलो. बैलाची वेसण धरतो, कासरा दातात धरून गाठ मारतो, डवरणी करतो. पहिल्यांदा पूर्ण तास सरळ गेलं त्या दिवशी माझी माय धुऱ्यावर बसून रडली होती. त्याच डवरणीचा कुणीतरी रस्त्यावरून व्हिडिओ काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे पाहा अपंग." मग कोतवाल निरोप घेऊन आला की तुझ्याबद्दल तोंडी तक्रार आहे.

नियमात कुठेही लिहिलेलं नाही की दिव्यांगाने काम करायचं नाही. किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. माझी दीड एकर कोरडवाहू आहे, ते उत्पन्न कुठून वर जाणार? चौकशीत काही निघालं नाही. पण तेव्हापासून मी दिवसा वावरात जात नाही. रात्री जातो, जागलीच्या नावाखाली. चांदणं असलं की निंदण काढतो. बायको म्हणते साप चावेल एखाद दिवस. मी तिला म्हणतो, साप व्हिडिओ तरी काढत नाही.

गडचिरोली जिल्हा

मला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, पूर्ण आजार. बाहेरून काहीच दिसत नाही, हाच माझा त्रास. हातपाय शाबूत, चालते नीट. रोवणीत गुडघाभर गार पाण्यात दोन दिवस उभी राहिले की तिसऱ्या दिवशी हाडं आतून कुणी पिळतंय असं होतं. मी उशी तोंडात धरून ओरडते, बाजूच्या घरी जाऊ नये म्हणून. हिवाळ्यात जास्त. रक्त चढवावं लागतं. मग आठ दिवसांनी उठून बसते, वेणी घालते, नळावर जाते. आणि नळावरच्या बाया म्हणतात, "काऊन जी, तू त बरी दिसतेस, तुले कायचे पैसे?"

1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, त्यात आमचा आजार नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि सिकलसेल आला. आमच्या भागात हा आजार घराघरात आहे, आदिवासींमध्ये आणि अनुसूचित जातींमध्ये जास्त. बाया त्याला ओळखतात, कुणाची तरी बहीण त्यात गेलेली असते. तरी बसमध्ये सवलतीचं कार्ड काढलं की मागच्या सीटवरून येतंच, "तरणीताठी पोरगी हाये अन् सवलत." एकदा मी उलट म्हणाले, आजार देते, घेता का? ती बाई खिडकीबाहेर पाहत राहिली. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तिच्या मांडीवर लेकरू होतं.

वाशीम जिल्हा

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मल्यावर रडलाच नाही, मेंदूला मार बसला. बसत नाही, बोलत नाही, मला पाहून हसतो. त्याच्या नावाने संजय गांधीचे मिळतात आणि 2024 पासून माझ्या नावाने लाडक्या बहिणीचे. यावर माझी जाऊ म्हणते, "तुमच्या घरात दोन-दोन येतात. आम्ही कोणतं पाप केलं?" चेष्टेत म्हणते, पण दर महिन्याला म्हणते.

मी एकदा तिला बसवून हिशेब सांगितला, तोच इथे लिहिते. हंगामात कापूस वेचायला बाई जाते, किलोमागे आठ-दहा रुपये. माझा हात चांगला आहे, लग्न होऊन आले तेव्हा मी दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलो वेचायची. म्हणजे रोजचे चारशेच्या आसपास. ही अकरा वर्षं मी वावरात गेले नाही. निंदणाला नाही, सोंगणीला नाही. कारण तो गिळताना अडकतो, एक घास भरवायला पाच मिनिटं लागतात आणि तोवर मान धरून ठेवावी लागते. त्याला कडेवर घेऊन माझी कंबर गेली. आता त्याचं वजन एकवीस किलो आहे. कपड्याची लंगोटी रात्रीतून सहा वेळा बदलायची. डायपर फक्त प्रवासाला, तेही एका पाकिटात दोन वेळचा जिल्ह्याचा प्रवास बसवते.

जाऊ ऐकत होती. मग म्हणाली, "पण तुले जावं त लागत नाही नं वावरात, उन्हातान्हात." ती खरंच दमलेली होती, तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे होते. मी तिला चहा करून दिला. दोघी काही बोललो नाही.

अमरावती जिल्हा

धागा सुरू करणाऱ्या ताईंनी लिहिलं की ज्यांना राग आला त्यांनीही लिहावं, म्हणून लिहितो. मला यायचा. आमच्या गल्लीत एकजण आहे, कानाने ऐकू येत नाही, कार्ड आहे. मी त्याला मागून हाक मारून पाहायचो. एकदा तो वळला. मी चार पोरांना सांगितलं की हा नाटकी आहे, आणि नंतर एक निनावी अर्ज लिहिला. माझ्याच हाताने, अक्षर तिरकं काढून.

त्याला तीन वेळा तपासणीला जावं लागलं. दर वेळी बायकोला सोबत न्यायचा, कारण नाव पुकारलं तर त्याला कळत नाही. दोघांची मजुरी बुडायची. तपासणीत प्रमाणपत्र खरंच निघालं. तो वळला होता कारण माझी सावली त्याच्या पुढे भिंतीवर पडली होती. हे मला आता समजतं.

2022 मध्ये वडिलांना लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली. त्यांना गाडीत टाकून प्रमाणपत्रासाठी नेलं तेव्हा रांगेत तासन् तास उभं राहताना तोच माणूस आठवला. वडिलांचं अनुदान सुरू झालं आणि महिनाभरातच पारावरून कानावर आलं, "यायच्या घरी तीन एकर ओलीत हाये, तरी." माझ्याच जुन्या शब्दांसारखे शब्द. त्याला मी अजून सांगितलेलं नाही की अर्ज माझा होता. तो रोज सकाळी वडिलांना हात करून जातो.

चंद्रपूर जिल्हा

माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नीट चालू असल्या की ती भाकरी करते, पूजा करते. गोळ्या चुकल्या की रात्री घराबाहेर पडते. चांगल्या दिवसांत लोक म्हणतात ही तर शहाणी आहे, पैसे कशाला. वाईट दिवसांत तेच लोक म्हणतात, हिला बांधून ठेवा. आमचे एक नातेवाईक तर म्हणाले, जवळच वरोऱ्याला आनंदवन आहे, तिथे नेऊन टाका. मी त्यांना सांगितलं की बाबा आमट्यांनी 1949 मध्ये आनंदवन उभं केलं ते माणसांना नेऊन टाकायला नाही, तिथे लोक काम करून मान ताठ ठेवून राहतात. आणि माझी बहीण माझ्या घरी राहील.

यवतमाळ जिल्हा, दुसरा तालुका

2017 ची फवारणी. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षी विषबाधेने वीसपेक्षा जास्त माणसं गेली. मी वाचलो, नजर पूर्ण परत आली नाही. मी दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारत होतो, पंप माझ्या पाठीवर, कापूस डोक्याच्या वर गेलेला. आज ज्यांच्या वावरात फवारलं त्यांच्याच घरचे विचारतात, तुला किती मिळतात? आकडा सांगितला की गप्प होतात, पण चांगल्या अर्थाने नाही.

(धागा सुरू करणारी)

सगळे अनुभव भावाला वाचून दाखवते आहे. मध्येच दोन गोष्टी लिहिते, कारण खोट्या प्रमाणपत्रांचा विषय इथे येणारच.

खोटी प्रमाणपत्रं आहेत, हे मी नाकारत नाही. 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण टीव्हीवर दिवसरात्र चाललं. त्या महिन्यात आमच्या गावात जो लंगडत दिसेल त्याला पोरं विचारायची, तुमचंही तसंच का? 2016 च्या कायद्याच्या कलम 91 मध्ये खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती वापरावी, जरूर वापरावी. पण त्याच्या लगेच खाली कलम 92 आहे. लोकांदेखत दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान करणं किंवा त्याला धमकावणं हा गुन्हा आहे, 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आमच्या भागात 91 तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतात. 92 मी भावाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने तीनदा विचारलं, "खरंच लिवलं हाये?"

दुसरी गोष्ट. जून 2025 मध्ये मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीजवळ बच्चू कडू उपोषणाला बसले, तेव्हा शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि दिव्यांगांना महिन्याला 6000 या दोन्ही मागण्या एकाच यादीत होत्या. भाऊ तिथे गेला होता. सोबत तोच शेजारी होता, त्याच्याच गाडीवर बसून भाऊ गेला. म्हणून पानठेल्यावरचं ते वाक्य त्याला इतकं लागलं.

भंडारा जिल्हा

आमच्याकडे ग्रामसभेत यादी वाचतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यातून कधी काही वस्तू मिळते. नाव पुकारलं की पुढे जायचं, वस्तू घ्यायची, फोटोसाठी थांबायचं. मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. कॅमेरा कुठे आहे ते कळत नाही, तर लोक हसत हसत सांगतात, इकडे नाही, तिकडे पाहा. गेल्या वर्षी मी नातवाला पाठवलं. त्याने फोटो काढू दिला नाही. वस्तू मिळाली नाही, चाललं मला.

(धागा सुरू करणारी)

दोघांनी विचारलंय की भावाने अनुदान बंद केलं का. नाही. वहिनी पटवाऱ्याकडे गेली नाही. तिने भावाला एवढंच विचारलं, "कुबडीचं रबर कोणाच्या पैशाने आणलं होतं आपण?" आमच्या खडीच्या रस्त्यावर ते रबर तीन-चार महिन्यांत झिजतं, मग कुबडी घसरते, पावसाळ्यात तो दोनदा पडला आहे. भावाने उत्तर दिलं नाही.

तो अजूनही संध्याकाळी पानठेल्यावर जातो, शेजारीही येतो, दोघं कापसाच्या भावावरच बोलतात. फक्त काल माझ्या मुलीला फोन देऊन म्हणाला, "बाई, याचा मेसेजचा आवाज बंद करून दे." तिने विचारलं, सगळ्यांचा की फक्त बँकेचा? तो म्हणाला, "बँकेचा."