मदत हवी आहे: कर्नलच्या 'डीमेसेज रिस्ट्रिक्ट' सेटिंगची माहिती सोपी करायचीय

नमस्कार मंडळी. निपाणीतल्या आमच्या लॅबमधल्या पोरांसाठी लिनक्स कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंगची माहिती मराठीत लिहितोय. 'डीमेसेज रिस्ट्रिक्ट' (dmesg_restrict) पाशी अडलोय; कर्नलचा लॉग, म्हणजे त्याच्या संदेशांची नोंद, साध्या वापरकर्त्यांना वाचू द्यायची की नाही ते ही सेटिंग ठरवते. मूळ मजकूर वाचून पोरांना वाटतं, कर्नल बिल्ड करताना (सोर्स कोडपासून तयार करताना) या पर्यायाला 'नाही' निवडलं की लॉग कायमचा सगळ्यांना उघडा. मी असं लिहिलंय:

"हा पर्याय फक्त सुरुवातीची स्थिती ठरवतो. नंतर रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य वापरकर्ता) 'सिस्कंट्रोल' (sysctl) या चालू कर्नलची सेटिंग बदलायच्या आज्ञेनं ती १ (बंधन चालू) किंवा ० (बंधन बंद) करू शकतो. १ असेल तर लॉग वाचायला 'कॅप सिसलॉग' (CAP_SYSLOG) हा खास अधिकार लागतो."

नवख्याला एवढं कळेल का? लॉगमधून कर्नलच्या मेमरीचे पत्ते फुटू शकतात, हेही ठळक लिहायचंय.

पेनड्राइव्ह लावल्यावर पोरांना लॉग बघायचाच असतो, पण प्रत्येकाला सुडो (रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवायची परवानगी) कसं द्यायचं? बेळगाव-खानापूरकडं कुणी लॅब सांभाळत असाल तर ही सेटिंग काय ठेवलीय ते सांगा.