मदत हवी आहे: मॅनेजमेंटला ओपन सोर्ससाठी कसं पटवायचं?

अंधेरी_पूर्व
ऑफिस सूटच्या (वर्ड, एक्सेल वगैरे) लायसन्सचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. मला त्याऐवजी लिबरऑफिस आणायचंय, म्हणजे फुकट आणि ओपन सोर्स (खुल्या कोडचा) सूट. पण डायरेक्टर म्हणतात, "फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार, आणि बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?" शुक्रवारी मीटिंग आहे. काय दाखवू? लवकर सांगा.

फायरवॉल
मशीन किती? टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे का? एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) कुठे कुठे आहेत? मेल आउटलुकवर की ब्राउझरमध्ये? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

पेंग्विन_डोंबिवली
सूट कशाला, विंडोजच काढा. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. त्याऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या मशीनवर छान चालते.

खतावणी
पेंग्विन, टॅली प्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्राम) चालवलं आणि मार्चअखेरीला अडलं तर तुम्ही येणार का निस्तरायला? जीएसटीआर-9 ची (जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र) ऑफलाइन फाइलसुद्धा एक्सेलच्या मॅक्रोवर चालते. अकाउंट्सला हात लावायचा नाही.

अंधेरी_पूर्व
40 मशीन, सगळी विंडोज 11. टॅली आहेच, ती कुठे नसते? मेल ब्राउझरमध्ये. मॅक्रो बहुतेक एमआयएसवाल्यांकडे (मॅनेजमेंटचे रिपोर्ट बनवणारे). मुद्दा पटवण्याचा आहे हो!

फायरवॉल
मग पूर्ण बदल मागूच नका, पायलट (एका विभागात छोटी चाचणी) मागा. डिस्पॅच किंवा एचआर, सहा आठवडे. अकाउंट्स आणि एमआयएसला जुनी लायसन्स राहू द्या, नूतनीकरण फक्त तेवढ्यांचं. एक्सेलची पॉवर क्वेरी (डेटा आणून जुळवायची सोय) कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलमध्ये, नाही आणि व्हीबीए (एक्सेल मॅक्रोची भाषा) अर्धवट चालतं, त्यामुळे एमआयएस आधी ओढलंत तर पहिल्याच आठवड्यात "बघा, चालत नाही" ऐकाल.

मीटिंगच्या आधी त्या विभागाच्या रोजच्या वापरातल्या 50 फायली उघडून, सेव्ह करून, पुन्हा एक्सेलमध्ये उघडून पाहा. बिघडलेल्या फायलींची यादी स्वतःच टेबलावर ठेवा. त्यांनी शोधून काढण्यापेक्षा ते बरं. एक्सलुकअप (तक्त्यात शोधायचं फंक्शन) हवं असेल तर लिबरऑफिसची आवृत्ती 24.8 किंवा पुढचीच घ्या, आधीच्यांत ते नाही. पानं हलतात ती बहुतेक वेळा फाँटमुळे: कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया, दोन्हींची अक्षररुंदी तीच. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ. समोरच्याला फाइल बदलायची असेल तर टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरलमध्ये डीफॉल्ट फॉरमॅट एक्सेलचा करा.

खर्चाच्या तक्त्यात लायसन्ससमोर शून्य लिहाल, पण त्याखाली ट्रेनिंग, सपोर्ट आणि टेम्प्लेट नव्याने करण्याचे तास लिहिलेच पाहिजेत. नुसतं शून्य पाहिलं की फायनान्सवाले संशय घेतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. फोन कुणाला करायचा, याचं उत्तर पैसे देऊन घेतलेला सपोर्ट. कोलाबोरा ही कंपनी तो विकते. कोटेशन मागवून सोबत ठेवा.

गोदरेज_कपाट
केंद्र सरकारचं 2015 चं ओपन सोर्स धोरण जोडा, वजन पडतं.

खतावणी
ते सरकारी कार्यालयांसाठी आहे, खासगी डायरेक्टरला त्याचं काय? त्यापेक्षा ओडीएफ (लिबरऑफिसचा फाइल फॉरमॅट) हे आयएसओ मानक आहे, आपल्या फायली एका विक्रेत्यावर अडत नाहीत, हे सांगा.

शाखा_विस्तार
एवढं करताय तर टॅलीही सोडा, ईआरपीनेक्स्ट (ओपन सोर्स, हिशेब-स्टॉक सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या. ते बनवणारी फ्रापे कंपनी मुंबईतलीच, जीएसटीसाठी वेगळं ॲप आहे.

खतावणी
डिस्पॅचचा पायलट व्हायच्या आत हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलायचं? दोन्ही एकदम केलंत तर कुठला घोळ कशामुळे झाला ते कळणार नाही.

मायमराठी
मराठी पत्रं श्रीलिपीत (जुना, युनिकोड नसलेला फाँट) असतील तर आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरपद्धत) आणा. तो फाँट नसलेल्या मशीनवर नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

अंधेरी_पूर्व
मराठी पत्रं नाहीत आमच्याकडे. फायरवॉल, डिस्पॅचचं करतो. 40 मशीनवर हाताने टाकायचं का?

फायरवॉल
पायलटला हाताने चालेल. पुढे एमएसआय (इन्स्टॉल करायची) फाइल ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून सेटिंग पाठवायची विंडोजची सोय) पाठवा. डोमेन (सगळी मशीन एका सर्व्हरला जोडलेली) आहे ना? तेही सांगितलेलं नाही तुम्ही.