आजीच्या तोंडी शेवटी रामाचं नाव नव्हतं, मग मोक्ष नाही का मिळणार?

महालातली_नात
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आमची आजी गेली, ८७ वर्षांची होती. मोक्षधाम घाटावर सगळं झालं, अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. पण तेरवीला नात्यातले एक काकाजी सगळ्यांसमोर बोलून गेले की शेवटच्या क्षणी मनात जे येते तसाच पुढचा जन्म मिळते, गीतेत लिहून आहे. आता आजीचं शेवटचं बोलणं मला पक्कं माहीत आहे कारण तिचा हात माझ्याच हातात होता, ती म्हणाली, "कूलरमध्ये पाणी टाकलं का गं, पोरं झोपतील कशी." बस. तेव्हापासून आई रोज रडून राहिली की आजीचा जीव घरातच अडकला. खरंच असं असते का? कोणी शास्त्र वाचलेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

रिटायर्ड_संस्कृत_मास्तर
बेटा, आधी आईला सांग की काकाजींनी अर्धाच श्लोक सांगितला. आठव्या अध्यायातला सहावा श्लोक आहे तो, "यं यं वापि स्मरन्भावं" असा सुरू होतो, अंतकाळी ज्या भावाचं स्मरण होते त्यालाच माणूस जाऊन मिळते हे त्यात आहेच, पण श्लोक संपतो "सदा तद्भावभावितः" या शब्दांवर, म्हणजे जो सदा त्या भावात मुरलेला आहे तो. शेवटचा क्षण काही आभाळातून पडत नाही, आयुष्यभर जे मुरलं तेच वर येते. म्हणून तर लगेच पुढच्या श्लोकात भगवान "सर्वेषु कालेषु" म्हणतात, सगळ्या वेळी माझं स्मरण ठेव आणि युद्धही कर. तुझ्या आजीत ८७ वर्षं काय मुरलं होतं ते तुम्हा घरच्यांनाच माहीत.

दुसरं, आपण सद्गती आणि मोक्ष यांची फार गल्लत करतो. घाट, अस्थी, पिंड, हे सगळं गतीसाठी, म्हणजे जीवाच्या पुढच्या प्रवासासाठी. अद्वैतात, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या मतात, मोक्ष म्हणजे कुठं जाणंच नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला सांगतात की ज्याच्या हृदयातल्या सगळ्या कामना सुटल्या त्याचे प्राण कुठं निघून जात नाहीत, तो "अत्र ब्रह्म समश्नुते", इथंच ब्रह्माला मिळते. हा "अत्र" शब्द मी वर्गात फळ्यावर मोठा लिहायचो. अत्र म्हणजे इथं, याच देहात. यालाच जीवन्मुक्ती म्हणतात. मग ज्ञान झाल्यावर देह लगेच काहून पडत नाही? तर संचित, म्हणजे आधीचं साठलेलं कर्म ज्ञानानं जळते, पण ज्या कर्मानं हा देह सुरू झाला ते प्रारब्ध भोगूनच संपते, कुंभारानं हात काढला तरी चाक थोडा वेळ फिरतच राहते तसं.

सगळ्यांचं मत असंच आहे असं मात्र नाही. सांख्य दर्शन म्हणते पुरुष, म्हणजे आत्मा, प्रकृतीहून, म्हणजे जड सृष्टीहून, वेगळा आहे हे कळलं की कैवल्य, म्हणजे मुक्ती. न्याय दर्शनवाले दुःखाच्या कायमच्या सुटकेला अपवर्ग म्हणतात. मध्वाचार्यांच्या मते तर मुक्त झाल्यावरही जीव आणि देव वेगळेच राहतात.

वारीचा_टाळकरी
ताई, मास्तरांनी ज्ञानाचं सांगितलं, मी आमचं वारकऱ्यांचं सांगतो. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, म्हणजे देवाच्या लोकात राहणं, त्याच्याजवळ राहणं, त्याच्यासारखं रूप मिळणं आणि त्याच्यात मिळून जाणं, अशा चार मुक्ती मानतात, आणि हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउली म्हणतात की देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी चारही साधल्या. तुकोबांनी तर मुक्ती मागितलीच नाही, "न लगे मुक्ती धनसंपदा" म्हणाले आणि वरून सांगितलं की खुशाल परत गर्भवासात घाला, फक्त संतांची संगत द्या. मग परत जन्माची एवढी भीती कशाला घ्यायची? पोरं गरमीत झोपतील कशी ही काळजी करणारी माय, तिच्यात मला तर काही अडकलेलं दिसत नाही.

दीक्षाभूमीजवळचा
माझं थोडं वेगळं आहे, आमच्या घरी बुद्ध धम्म आहे, १९५६ पासून. आमच्याकडे नित्य आत्मा मानतच नाहीत, म्हणून निर्वाण म्हणजे आत्मा ब्रह्माला मिळणं नाही, तर तृष्णा, द्वेष, मोह यांची आग विझणं. पण ते याच आयुष्यात साधायचं असते, हे मास्तरांच्या "अत्र"सारखंच वाटलं. आईची काळजी घ्या ताई.

महालातली_नात
मास्तर, तो श्लोक आईला दोनदा वाचून दाखवला, "सदा"वर ती थांबली आणि म्हणाली, सासूबाई रोज पहाटे उठून हरिपाठ म्हणायच्या आणि म्हणता म्हणताच कणीक मळायच्या. आता एकच विचारते, संसारात राहून हे साधते का, की संन्यासच घ्यावा लागते?

रिटायर्ड_संस्कृत_मास्तर
अद्वैत सांगणाऱ्या शंकराचार्यांचा ओढा संन्यासाकडे आहे हे खरं. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, विसाव्या श्लोकात, जनकाचं नाव घेऊन सांगितलं आहे की कर्म करता करताच त्याला सिद्धी मिळाली. आणि तो तर राजा होता, पूर्ण राज्याचा कारभार अंगावर होता त्याच्या. आईला हेही वाचून दाखव.